खरमाटे भाऊंच्या चार पिढ्या

आमच्या समोरच्या खरमाटे भाऊंच्या हॉलमध्ये टीव्ही नाही, सोफा नाही, आल्यागेल्याला टेकायला धड खुर्ची नाही. तिथं भिंतीला लागून एका ओळीत चार कॉम्प्युटर आहेत आणि त्यांची नावं आहेत पणजोबा, आजोबा, वडील आणि चिरंजीव. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला मी दार उघडते तेव्हा आतून भाऊंचा आवाज येतो, "पणजोबा, उठा आता. घ्या खोकून एकदाचं." आणि पणजोबा खरंच खोकतात. घर्र, घर्र, खट्. त्यांचा पंखा जुना आहे.

पिंपळे गुरवच्या ह्या बिल्डिंगमध्ये आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, घरात खरोखरचं म्हातारं माणूस आहे. शेजारधर्म म्हणून मी वाटीभर साईचं दही घेऊन गेले. म्हटलं, "पणजोबांना द्या, छातीला बरं नसलं तर दुपारी द्या." भाऊंनी वाटी घेतली, आत कॉम्प्युटरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा न हलवता म्हणाले, "काकू, त्यांना दही चालत नाही. मला चालतं."

तेव्हापासून आमची ओळख. वाटी अजून त्यांच्याकडेच आहे.

भाऊ घरी बसून कंपन्यांची डिझाइनं करतात. म्हणजे काय, तर मशीनवर लोखंडाच्या तुकड्याला भोक पाडायचं असेल तर तो तुकडा तसूभरही हलता कामा नये. पुरणयंत्र मी जसं पायात दाबून धरते, तसं त्याला धरून ठेवणारं एक साधन लागतं, त्याला फिक्स्चर म्हणतात. ते आधी कॉम्प्युटरवर काढायचं, मग त्याचे नकाशे करून कंपनीला द्यायचे. पूर्वी भाऊ कंपनीत हेच काम मोठ्या तिरप्या फळ्यावर पेन्सिलीनं करायचे. मग कॉम्प्युटर आले, नोकरी सुटली, वहिनी गेल्या, मुलगी अमृता शिकून नोकरीला लागली आणि लग्न होऊन ताथवड्याला गेली. घरात राहिले भाऊ आणि ह्या चार पिढ्या.

आता तुम्ही म्हणाल, एका माणसाला चार कॉम्प्युटर कशाला? मीही विचारलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण भाऊंनी मला समोर बसवून समजावलं. हे डिझाइनचं सॉफ्टवेअर म्हणे दर वर्षी नवीन येतं. नव्याला जुन्याचं सगळं समजतं. चिरंजिवांपुढे पणजोबांची फाइल ठेवा, ते वाचतात. पण उलटं नाही. चिरंजिवांची फाइल वडिलांपुढे ठेवली की वडील स्वच्छ सांगतात, मला हे उघडत नाही. आजोबा सांगतही नाहीत, नुसते थिजतात. आणि पणजोबा बंद पडतात.

"आमच्याही घरात असंच आहे," मी म्हटलं.

"सगळ्यांच्याच घरात आहे, काकू. पण खरी गंमत पुढं आहे. जुनी फाइल नव्यात नुसती उघडून बघितली तर काही होत नाही. पण उघडली आणि सेव्हचं बटण दाबलं, की ती कायमची नव्याची झाली. परत जुन्यात येत नाही. मुलगी देऊन टाकल्यासारखं."

"अहो, मुली माहेरी येतात की."

"हिला माहेरपण नाही," भाऊ म्हणाले आणि इतका उसासा टाकला की मला वाटलं चहा करावा.

त्यांच्या दारात रोज कुणी ना कुणी चाकणचा, भोसरीचा वर्कशॉपवाला उभा असतो. हातात हेल्मेट, कपाळावर घाम. "भाऊ, कंपनीनं फाइल धाडलीय, उघडंना राव! माणसं बसून आहेत मशीनवर."

"कुणाची आहे?"

"कंपनीचीच की."

"ते कळलं हो. कुठल्या पिढीची?"

तो बिचारा गांगरतो. त्याला वाटतं, हे जातपात विचारताहेत की काय. मग भाऊ फाइल घेतात, चौघांपुढे पाळीपाळीनं फिरवतात, कुणाला उघडते ते बघतात. लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण घरातल्या एकेकाकडे देत जावं तसं. आणि कुणाला तरी उघडतंच.

सगळ्या पिढ्यांना कळेल अशी एक मधली फाइलही करता येते म्हणे. पण तिच्यात आकार तेवढा जातो, तो कसा केला ते जात नाही. नंतर कुठलं माप बदलायचं म्हटलं तर बदलत नाही. हे सांगायला भाऊ माझ्यापुढे अर्धा कागद आकृत्यांनी भरत होते. मी म्हटलं, "म्हणजे लाडू पाठवला, पण पाक एकतारी होता की दोनतारी ते नाही पाठवलं." भाऊंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवसापासून ते फोनवर साहेबलोकांना विचारतात, "नुसता लाडू पाठवू, का पाकासकट हवंय?" आणि साहेबलोकांनाही ते चटकन कळतं. ह्या क्षेत्रात माझं एवढंच योगदान.

भाऊंचं एक पालुपद आहे. "पुढच्याकडे काय आहे?" काहीही पाठवायच्या, बोलायच्या, द्यायच्या आधी ते हे विचारतात. अमृताच्या लग्नाच्या पत्रिका तीन तऱ्हेच्या केल्या होत्या. फोनवाल्यांना फोनवर, बिनफोनवाल्यांना कागदी, आणि माझ्या सासूबाईंना मोठ्या ठसठशीत अक्षरात हातानं लिहून, कारण "पुढच्याकडे मोतीबिंदू आहे." ह्याच सासूबाईंना ते पेरू द्यायचे तेव्हा बिया काढून, बारीक फोडी करून द्यायचे. सासूबाई म्हणायच्या, "पोटच्यानं कधी केलं नाही." पोटचे, म्हणजे आमचे हे, तिथंच पेपर वाचत असायचे. पेपर जरा वर सरकायचा.

मी शेगडी बदलून ती विजेची चकचकीत शेगडी घेतली तेव्हाची गोष्ट. माझा डब्यांचा व्यवसाय. कंपनीतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना मी डबे देते. म्हटलं, गॅस वाचेल. पहिल्याच दिवशी माझी मोठी ॲल्युमिनियमची पातेली तिच्यावर ठेवली, तर शेगडी नुसती टुंटुं करून बंद पडते. भाऊ पेपर परत द्यायला आले होते. त्यांनी खाली वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका.

"मागचं चालत नाही!" ते ओरडले. "काकू, कंपनीनं तुमची सगळी पातेली एका झटक्यात निकालात काढली! घ्यायच्या आधी विचारलंत का, मागचं चालतं का म्हणून?"

"पातेल्याचं कोण विचारतं, भाऊ?"

"तेच! कुणी विचारत नाही!" आणि ते जिन्यात चढणाऱ्या प्रत्येकाला थांबवून माझं पातेलं दाखवायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीणबाई भाजीची पिशवी घेऊन तिथंच अडकल्या. शेवटी मीच म्हटलं, "भाऊ, पातेलं द्या, भात व्हायचाय."

दसऱ्याला भाऊ चारी पिढ्यांची पूजा करतात. एके वर्षी पणजोबांना झेंडूची माळ घातली, पाकळ्या पंख्यात गेल्या, आणि पणजोबा असे तापले की भाऊंनी त्यांना पेपरनं वारा घातला. मी पाणी घेऊन धावले, तर भाऊ किंचाळले, "पाणी नको! पाणी नको!" तेव्हापासून माळ फक्त माऊसला.

अमृता आली की ह्या खोलीवरून वाद ठरलेला. ती स्वतः चाकणच्या एका कंपनीत डिझाइनलाच आहे, सगळ्यात नव्या सॉफ्टवेअरवर काम करते. "बाबा, ह्या तिघांना भंगारात द्या ना. चिरंजीव एकटा सगळं करतो. बसायला सोफा तरी येईल."

"येईल."

"मग?"

"मग काही नाही."

"काकू, तुम्ही सांगा ह्यांना!"

मी कशाला सांगते? मी दोघांना पोहे देते.

शिवाय एक कोडं होतं. दर शनिवारी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, पणजोबांमधून काढलेला पेनड्राइव्ह चुन्याच्या डबीत ठेवून, माझ्याकडून दोन डबे घेऊन दुचाकीवरून चऱ्होलीला जायचे. एक डबा नेहमीचा, एक बिनतिखटाचा. यायचे थेट दिवे लागताना. विचारलं तर "काम असतं." चऱ्होलीत सध्या इमारती अशा उगवताहेत की शेत शोधावं लागतं. तेव्हा बिल्डिंगीत अंदाज सुरू झाले. चेअरमन म्हणायचे, खरमाट्यांनी गुपचूप गुंठा घेतलाय. जोशीणबाई म्हणायच्या, "गुंठ्याला कुणी इस्त्री करून जातं का?" आणि माझ्याकडे बघून भुवई उडवायच्या. मी म्हणायचे, डबा बिनतिखटाचा आहे, फार काही असेल असं वाटत नाही.

गेल्या वर्षी भाऊंच्या वाढदिवशी हे कोडं सुटलं. शुक्रवार होता. अमृतानं रजा काढली, भाऊंना जावयाबरोबर डोळे तपासायला पाठवलं आणि दिवसभर दार लावून आत खुडबुड करत बसली. संध्याकाळी भाऊ आले तेव्हा मी शिऱ्याचं ताट घेऊन दारात होते, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

टेबलावर एकटे चिरंजीव, त्यांना लाल रिबीन. बाकीचे तिघे दाराशी, वायरी गुंडाळून, भंगारवाल्याची वाट बघत.

"बाबा, सरप्राइज! तुमच्या सगळ्या फाइल मी नव्यात आणल्या. जुन्यात एकही ठेवली नाही. आता एकाच ठिकाणी सगळं."

भाऊंनी चष्मा काढला. "नुसत्या उघडल्यास?"

"नाही हो, सेव्ह केल्या. प्रोग्राम लावला, एकापाठोपाठ एक आपोआप होत गेल्या."

"माझी दुसरी डिस्क आहे, प्रत ठेवायची..."

"ती पण केली!" शिकलेली पोर. अर्धवट काम करत नाही.

"ते चाकणचं फिक्स्चर? काल संपवलेलं?"

"ते तर सगळ्यात आधी केलं."

भाऊ खाली बसले ते पणजोबांवरच बसले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, साखर उतरली. मी शिऱ्याचा चमचा पुढे केला, त्यांनी हातानं बाजूला सारला. अमृताचं हसू गेलं. ह्या धंद्यातली पोर ती, तिला एका क्षणात कळलं काय झालं ते. फक्त का, ते कळत नव्हतं.

"बाबा, पण तुम्हाला जुन्यात हवंय कशाला? नकाशे सोमवारी द्यायचेत ना? मी काढते. उद्या-परवा बसते आणि काढून टाकते."

"आणि नाव?"

"कुठलं नाव?"

"नकाशाच्या कोपऱ्यात चौकट असते. काढणाऱ्याचं नाव घालतात तिथं."

"घाला कुणाचंही! त्यानं काय होतंय?"

"कुणाचंही नाही घालायचं!" भाऊ ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्या पातेल्यासाठी ओरडताना ऐकलं होतं. हे ओरडणं वेगळं होतं. मग आवाज एकदम खाली आला. "सोपानचं घालायचंय."

आणि त्यांनी सांगितलं. सोपानराव म्हणजे चऱ्होलीचे. कंपनीत भाऊंच्या हाताखाली फळ्यावर नकाशे काढायला शिकले, कॉम्प्युटरही दोघं एकत्रच शिकले, एकाच डब्यात जेवले. मग सोपानरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणं परत आलं, पण नोकरी गेली. माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. भाऊंनी त्यांना डाव्या हातानं पुन्हा रेघ मारायला बसवलं. एकदा उत्साहानं नव्या सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर घेऊन गेले, तर सगळी बटणं इकडची तिकडं झालेली. सोपानरावांना काही सापडेना. त्यांनी माऊस भिरकावला आणि लहान मुलासारखे रडले. त्या दिवशी भाऊंनी ठरवलं, नव्याचं नावही काढायचं नाही. त्यांना सांगून टाकलं, "अरे, मलाही नवं जमत नाही. आपण जुन्यातच करू." जुनं सॉफ्टवेअर सोपानरावांच्या बोटांत होतं, डाव्या हाताच्या बोटांतसुद्धा उतरलं. भाऊ पणजोबांवर डिझाइन करायचे, शनिवारी घेऊन जायचे आणि त्यातले किरकोळ सुटे नकाशे सोपानरावांकडून करून घ्यायचे.

"ह्या वेळी पहिल्यांदा सबंध काम त्याला मिळालंय," भाऊ म्हणाले. "चाकणच्या साहेबाला मी पटवलं. सगळे नकाशे सोपान काढणार, चौकटीत त्याचं नाव. आजारपणानंतर पहिल्यांदा. त्यानं इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगितलंय. आणि आता ती फाइल त्याच्याकडे उघडणार नाही."

"मधली फाइल देऊ या," अमृता म्हणाली. आवाज रडवेला.

"लाडू? साहेबानं मापं बदलायला सांगितलीत. लाडवाचं काय बदलणार तो?"

"मग पणजोबावर परत पहिल्यापासून करू."

"सोमवारपर्यंत होत नाही."

शिरा ताटात गार झाला. कुणी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं अमृताच्या गाडीतून चऱ्होलीला निघालो. मी का? तर भाऊ म्हणाले, "काकू, तुम्ही चला. परकं माणूस असलं की सोपान फार मनाला लावून घेणार नाही." नवी फाइल बरोबर होती, पण कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. सबंध रस्ताभर ते पुटपुटत होते. "सोपान, जरा घोटाळा झालाय. नको. सोपान, हे काम जाऊ दे, पुढचं बघू. नको, नको." अमृता गाडी चालवत होती आणि नाक ओढत होती.

सोपानरावांचं घर उंच इमारतींच्या मध्ये बसकं, पत्र्याचं, पुढं मेथीचा एक वाफा. टेबलावर पणजोबांच्याच पिढीचा जुना कॉम्प्युटर पुसून लखलखीत ठेवलेला. सोपानराव दाढी करून, नवा सदरा घालून तयार.

"या भाऊ! आज तर सैन्यच आणलंत! इंदू, च्या टाक." त्यांनी डावा हात पुढं केला. "आणलं का माझं काम?"

भाऊ रस्ताभर घोकलेलं सगळं विसरले. "सोपान," म्हणाले, "फाइल नव्यात गेली रे. तुझ्याकडं नाही उघडायची."

"मी केलं, काका," अमृता म्हणाली. "चूक माझी आहे. बाबांची नाही."

सोपानराव भाऊंकडे बघतात, जमिनीकडे बघतात, मग बायकोकडे. मला वाटलं, आता हा माणूस परत भिंतीकडे तोंड करणार. तेवढ्यात इंदूवहिनींनी चहाचं पातेलं दाणकन खाली ठेवलं.

"आता तरी सांगा की! का मी सांगू?"

"गप ए," सोपानराव म्हणाले.

"न्हाई गप बसत! भाऊ, आत या. या तुमी आत."

आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागं गोधडीखाली काहीतरी होतं. वहिनींनी गोधडी ओढली. नवाकोरा कॉम्प्युटर.

"पोरानं दिवाळीत बसवून दिलाय. तुमचं ते नवं सारं हाय त्यात. ह्यांनी आठवडाभर त्याच्यावर बसायचं आन शनवारी सकाळी, भाऊ येणार म्हणलं की, दोघांनी उचलून हितं आणून झाकायचं. तुमी गेलात की परत भाईर. माझी कंबर गेली, भाऊ, कंबर!"

भाऊंचं तोंड उघडंच राहिलं. "सोपान? तुला नवं जमतं?"

"जमतंय," सोपानराव पडलेल्या आवाजात म्हणाले. "पयल्यांदा न्हाई जमलं. मंग बटणांच्या नादालाच लागलो न्हाई. कीबोर्डावरनं हुकूम टाकायचे आपले जुनेच. त्ये चालत्यात नव्यात बी. आठवडाभर नव्यात करायचो आन तुमच्यासाठी परत जुन्यात काढायचो."

"दोनदा? अरे, पण मला सांगायचं ना!"

"तुमाला जमत न्हाई म्हणलात की तुमी! म्हणलं, भाऊ एकटंच मागं राहत्याल. बरं दिसत न्हाई ते."

अमृतानं तोंडावर हात धरला होता. तिला हसू येत होतं की रडू, मला सांगता येणार नाही, तिलाही आलं नसतं. घरी चिरंजीव रिबीन लावून बसलेत, वर्षानुवर्षं भाऊ त्यांच्यावर कामं करताहेत, आणि इथं हा माणूस भाऊंसाठी एकेक काम दोनदा करतोय.

"आन दुसरं," सोपानराव खाली बघत म्हणाले, "नव्यात आलो आसतो, पन पोरगं म्हणालं, फाइल नेटनंच येती, कुणी यायची गरज न्हाई. मंग म्हणलं, ऱ्हाऊ दे."

बाहेर एका इमारतीवर सळ्या उतरवत होते, त्यांचा खणखणाट तेवढा येत होता. मग वहिनी म्हणाल्या, "च्या निवला."

कॉम्प्युटर बाहेर आणला, जावईबापूंना बसवावं तसा मधोमध. फाइल उघडली. एका दमात, काही कुरकुर न करता. सोपानरावांनी डाव्या हातानं असे पटापट हुकूम टाकले की अमृता त्यांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली.

"काका, एवढं टाइप कशाला करता? हे बटण आहे ना इथं."

"तू बटण शोधस्तवर माजं काम झालं पोरी."

"अहो, पण हे बघा तरी!"

"आगं, सरक! उजेड आडतोय."

त्यांची जी जुंपली ती थेट जेवणापर्यंत. वहिनींनी मला लोणच्याची बरणी दाखवली, माझा फोन नंबर घेतला. भाऊंना कुणी काही विचारलंच नाही. ते मेथीच्या वाफ्याशी जाऊन उभे राहिले, एक काडी तोडली, चावली. मी बघितलं तर गडी एकटाच हसत होता.

रविवारी रात्रीचं जेवण व्हायच्या आत नकाशे पुरे झाले. सोमवारी चाकणला गेले. साहेबानं एका जागी लाल खूण करून परत पाठवले, कारण एकदा तरी परत पाठवल्याशिवाय साहेबाला साहेब कोण म्हणणार? सोपानरावांनी ती दुरुस्ती केली, आणि चौकटीत नाव असलेला तो नकाशा इंदूवहिनींनी दुकानात नेऊन मोठा छापून आणला. इस्त्रीवाल्यानंही बघितला म्हणे.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारी परत येतानाचं. गाडीत मागं मी आणि भाऊ. माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता.

"भाऊ, एक विचारू का? ती जुनी फाइल नेटवरून जायची नाही का?"

भाऊ खिडकीबाहेर बघत होते. "जायची."

"मग पेनड्राइव्ह घेऊन दर शनिवारी..."

"पहिल्यापासून जायची, काकू."

पुढं अमृतानं आरशातून मागं बघितलं आणि गाडी जरा हळू केली.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात भाऊ. शर्टाला इस्त्री, हात मोकळे. ते हात कुठं ठेवावेत हेच त्यांना समजत नव्हतं.

"काकू, आज काम काही नाही. चाकणचं गेलं, पुढचं अजून यायचंय."

"बरं."

"आलं तरी आता नेटनंच जाईल."

"जाईल की."

"मग काय, आज घरीच." असं म्हणून ते गेले नाहीत, उंबऱ्यातच उभे राहिले. मी ओट्यापाशी जाऊन दोन डबे भरायला घेतले. तेवढ्यात माझा फोन वाजला. इंदूवहिनी.

"आवं काकू, भाऊ निघालं का? हे सकाळधरनं दारात खुर्ची टाकून बसल्यात. आत या म्हणलं तर येत न्हाईत. काम काय हाय म्हणलं, तर म्हणत्यात, काम कशाला पायजे."

त्यांचा आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावायची गरज नव्हती. मी वळून बघितलं, तर उंबऱ्यात कुणी नाही. जिन्यावर चपला वाजत होत्या.

"अहो भाऊ, डबे!" मी गॅलरीत धावले. दुचाकी गेटातून बाहेर पडली होती. आमच्या ह्यांना पिटाळलं मागं, पण ते कोपऱ्यावर पोचेपर्यंत भाऊ दिसेनासे झाले होते. डबे ओट्यावर तसेच राहिले. दुपारी आम्ही दोघांनी तेच खाल्ले, बिनतिखटाचासुद्धा.